औंध संस्थानातील सूर्यनमस्कार : एका दैनंदिन सवयीचा इतिहास

प्रस्तावना :
आरोग्याचा इतिहास लिहिताना साथीचे रोग, रुग्णालये व शासकीय धोरणे यांना प्राधान्य मिळते. माणसाला रोज थोडी प्रसन्नता देणाऱ्या लहान सवयी मात्र उपेक्षित राहतात. प्रस्तुत लेखात औंध संस्थानातील सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचा या दृष्टीने विचार केला आहे.

विषय विवेचन :
औंध हे ७२ गावांचे छोटे संस्थान होते. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार व व्यायामाचे उपासक होते. प्रारंभी त्यांनी युजेन सँडो यांच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. साधनांवाचून, थोड्या जागेत, स्त्री-पुरुष व मुले या सर्वांना करता येणारा हा व्यायाम होय, अशी त्यांची धारणा होती. क्रमबद्ध शरीरस्थिती, श्वसन आणि मंत्रोच्चार यांची त्यात सांगड होती. १९३८ मध्ये लंडनहून प्रकाशित झालेल्या 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या त्यांच्या ग्रंथाने ही पद्धत परदेशातही पोहोचविली.

संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. आनंद देणारी सवय हुकुमाने लावता येते काय? राजाचे नमस्कार ही त्याची स्वतःची निवड होती; शाळेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला ती निवड नव्हती. त्यामुळे एकच कृती एकासाठी उपासना, तर दुसऱ्यासाठी शिस्त ठरत होती. भवानरावांची जमेची बाजू ही की, इतरांना सांगितलेला नेम ते स्वतः नित्य पाळीत.

याच राजाने महात्मा गांधी व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने तयार झालेली स्वराज्य घटना १९३९ मध्ये लागू करून राज्यकारभार प्रजेकडे सोपविला. शरीराच्या बाबतीत सक्ती आणि राज्यकारभारात स्वातंत्र्य, हा विरोधाभास वरवर पाहता खटकतो. परंतु स्वराज्य पेलण्यासाठी प्रजा सुदृढ व संयमी असावी, असा दोहोंना जोडणारा धागा त्यात दिसतो.

निष्कर्ष :
१) अल्पखर्चिक व सर्वसुलभ असणे हे सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचे प्रमुख कारण होय.
२) सक्तीने सवयीची ओळख होते, तिच्यातील आनंद मात्र स्वेच्छेनेच लाभतो.
३) १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजाज्ञा संपली. त्यानंतरही ज्यांनी पहाटेचे नमस्कार सोडले नाहीत, त्यांच्यापुरती ती सवय खऱ्या अर्थाने स्वतःची झाली होती.