तरला (चित्रपट)

तरला : पाककला-लेखिका तरला दलाल (१९३६–२०१३) यांच्या जीवनावरील हिंदी चरित्रपट. दिग्दर्शक पीयूष गुप्ता. लेखन पीयूष गुप्ता व गौतम वेद. निर्माते रॉनी स्क्रूवाला, अश्विनी अय्यर तिवारी व नितेश तिवारी. प्रमुख कलावंत हुमा कुरेशी (तरला), शारिब हाश्मी (पती नलिन) आणि भारती आचरेकर. ‘दंगल’ व ‘छिछोरे’ यांच्या लेखनात सहभागी असलेल्या गुप्ता यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. ७ जुलै २०२३ रोजी तो चित्रपटगृहांत न येता थेट झी फाइव्ह या ओटीटी मंचावर प्रदर्शित झाला.

तरला दलाल यांचा जन्म ३ जून १९३६ रोजी पुण्याचा. १९६० मध्ये नलिन दलाल यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि १९६६ पासून स्वयंपाकाचे वर्ग घेऊ लागल्या. पुढे या वर्गांचा इतका बोलबाला झाला, की लग्नाच्या मुलीने तिथे शिकलेले असणे ही तिच्या बाजूची गोष्ट मानली जाई. ‘द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९७४ साली निघाले. त्यानंतर शंभराहून अधिक पुस्तके आली. मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली या भाषांबरोबरच डच आणि रशियन भाषेतही त्यांतली काही गेली. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळे त्यांचा चेहराही घरोघरी ओळखीचा झाला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

चित्रपटाची सुरुवात कॉलेजातल्या तरलापासून होते. आयुष्यात काहीतरी करायचे आहे हे तिला पक्के ठाऊक आहे. काय करायचे ते मात्र उमगत नाही. लग्नानंतर संसार आणि तीन मुले यांत वर्षे निघून जातात. गिरणीत इंजिनिअर असलेला नलिन ऑफिसात चोरून सामिष खातो हे कळल्यावर शाकाहारी घरातली तरला दुखावते. पण भांडण वाढवण्याऐवजी ती कढईकडे वळते. नवऱ्याला जी चव हवी ती भाजीत कशी उतरवता येईल, या खटाटोपातून मुर्ग मुसल्लमच्या जागी बटाटा मुसल्लम उभा राहतो. शेजारच्या मुलीला स्वयंपाक शिकवण्यापासून वर्ग सुरू होतात, सोसायटीची कुरकूर सुरू होते, मग पुस्तकाचा विचार पुढे येतो. दरम्यान नलिनची नोकरी जाते आणि घरातली कामे व मान यांची जुनी वाटणी विस्कटते.

चित्रपटाचा खरा जीव या नवराबायकोत आहे. नलिनला खलनायक न करता, बायकोवर मनापासून प्रेम करणारा आणि तरीही तिच्या यशाने आतून हलणारा माणूस म्हणून दाखवले आहे. शारिब हाश्मी यांनी हे अवघडलेपण फार समजून केले आहे. हुमा कुरेशी यांच्या कृत्रिम दातांवर टीका झाली, ती काही अंशी रास्तही आहे. पण तरलाचा उत्साह आणि हट्ट त्या शेवटपर्यंत टिकवतात.

उणीव आहे ती दुसरीकडे. चित्रपटातली तरला उत्तम रांधते, शिकवते, नाव कमावते. ती लिहिते कशी, हे मात्र फारसे दिसत नाही. पाककृती सांगणे आणि लिहिणे यांत मोठे अंतर आहे. सासू सुनेला सांगते तेव्हा ‘अंदाजाने घाल’, ‘खमंग वास सुटला की उतरव’ एवढे पुरते, कारण दोघी एकाच ओट्याशी उभ्या असतात. पुस्तकाला ही सोय नाही. किती वाट्या, किती चमचे, आच मंद की मोठी, किती मिनिटे, किती माणसांपुरते, हे सगळे अनोळखी वाचणारीसाठी आधीच ठरवून द्यावे लागते. त्या काळात मुंबईच्या फ्लॅटांत गॅस, प्रेशर कुकर, मिक्सर येत होते आणि विचारायला जवळ वडीलधारी बाई नाही अशी घरे वाढत होती. तरला दलाल यांच्या लेखनाची गरज तिथे होती. शिवाय पास्ता, बेक्ड भाज्या, मेक्सिकन पदार्थ, अंड्याशिवायचे केक हे सारे शाकाहारी घरात, बाजारात मिळणाऱ्या जिनसांतून त्यांनी शक्य केले. ज्या बाईने हे पदार्थ कधी पाहिलेसुद्धा नव्हते, तिचाही पहिला प्रयत्न फसू नये, एवढी काटेकोर वाक्ये लिहिणे हे कर्तृत्व पडद्यावर यायला हवे होते. चवीसाठी केलेले प्रयोग दिसतात, पण लिहिलेले मोजमाप तपासण्यासाठी तोच पदार्थ पुन्हा करून पाहणारी लेखिका दिसत नाही.

मराठी वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मधली, म्हणजे तरला दलाल यांच्या पहिल्या पुस्तकाच्या चार वर्षे आधीची. कमलाबाईंनी घरातले रोजचे आणि सणावाराचे पदार्थ वाटी-चमच्याच्या मापात बसवले. परगावी, परदेशी गेलेल्या कितीतरी मुलींच्या सामानात ‘रुचिरा’ गेली, ती या मापांच्या भरवशावर. पाककला-लेखिकेची थोरवी कशात असते, हे या पुस्तकांवर स्वयंपाक शिकलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. भारतीय पाककला-लेखिकेच्या जीवनावर पूर्ण लांबीचा हिंदी चित्रपट निघाला, ही ‘तरला’ची जमेची बाजू मोठीच आहे. मात्र त्यातली लेखिका अजून सविस्तर दाखवायची राहिली आहे.