आनंदीबाईंची दुसरी भाषा

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. आज त्यांच्या लिहिण्याविषयी बोलू.

१८६५ साली जन्मलेल्या या मुलीचं लग्न नवव्या वर्षी झालं. तिनं शिकावं हा हट्ट नवऱ्याचा, गोपाळरावांचा. त्यापायी तिनं मारही खाल्ला. अमेरिकेला पहिलं पत्र धाडलं तेही गोपाळरावांनीच. पुढे न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंना आनंदीबाई स्वतः इंग्रजीत लिहू लागल्या. कधी न पाहिलेल्या त्या बाईंना त्यांनी मावशी मानलं. लादलेल्या भाषेत त्यांना स्वतःचं माणूस मिळालं.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी इंग्रजीतच भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं भरसभेत सांगितलं. भाषा परकी होती, शब्द मात्र त्यांचा होता. १८८६ साली डॉक्टर होऊन त्यांनी तो पाळला.

आमच्यातल्या कितीजणी घरी अहिराणी, वारली बोलतो आणि वहीत मराठी लिहितो. शाळेत आमच्या बोलण्याला हसलेलं अजून आठवतं. पण दुसरी भाषा शिकताना पहिली टाकावी लागत नाही. चुका होऊ द्या, पण आपलं पत्र आपणच लिहू.