न्यूकॅसलचा कोळसा आणि तूलाचा समोवार

लंडनात जोराचा पाऊस लागला की इंग्रज मनुष्य म्हणतो, 'मांजरे आणि कुत्री पडताहेत!' मॉस्कोतला मनुष्य त्याच पावसाला 'बादलीने ओतावा तसा कोसळतोय' म्हणतो. आणि आपण? आपल्याकडे आभाळातून ना जनावरे पडतात ना बादल्या रित्या होतात. आपल्याकडे मुसळाची धार लागते. पाऊस तिन्ही ठिकाणी एकच. पण एखाद्या रशियन भाषांतरकाराने इंग्रजाची मांजरे-कुत्री जशीच्या तशी मॉस्कोत नेऊन सोडली असती, तर वाचकांनी छत्री शोधण्याऐवजी वैद्य शोधला असता.

वरवर पाहता ही गंमत. पण या गमतीपायी रशियात शंभर-सव्वाशे वर्षे विद्वानांची भांडणे झाली, शब्दकोश सिद्ध झाले, आणि एका बाईने तर तुरुंगाच्या कोठडीत बसून या खेळातला सर्वांत अवघड डाव जिंकला. दिवाळीच्या निवांत दुपारी ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहू. न्यूकॅसल हे इंग्लंडातले कोळशाचे बंदर. जेथे कोळशाच्या राशीच पडलेल्या, तेथे आणखी कोळसा वाहून नेणारा तो शहाणा कसला! म्हणून व्यर्थ खटपटीला इंग्रज 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' म्हणतात. रशियन मनुष्याला न्यूकॅसलशी काय कर्तव्य? पण त्याच्या देशात तूला नावाचे शहर आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथले कारागीर समोवार घडवण्यात नामांकित आहेत. म्हणून तो म्हणतो, 'आपला समोवार घेऊन तूलाला जाणे'. एखाद्या पाहुण्याने रत्नागिरीस जाताना हापूसची करंडी बरोबर न्यावी, तसेच हे. अर्थ चोख उतरला. पण मौज अशी, की लंडनच्या धुक्यात वाढलेला, तूला कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसलेला एखादा गाडीवान कादंबरीत समोवाराची गोष्ट बोलू लागला, की वाचकाच्या मनातले लंडन विरून जाते. शब्द राखावा तर अर्थ जातो, आणि अर्थ राखावा तर गाव जाते!

या पेचाला पहिले धाडसी उत्तर दिले इरिनार्ख व्वेदेन्स्की याने. १८१३ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १८४० नंतरच्या दशकात डिकन्स रशियन वाचकांच्या घरोघर नेला. 'डोम्बी आणि पुत्र', 'पिक्विक', 'डेव्हिड कॉपरफील्ड' अशी एकामागून एक भाषांतरे त्याने केली. त्याचे म्हणणे असे, की परक्या लेखकाला आपल्या आकाशाखाली आणावे आणि तो येथे जन्मला असता तर कसा लिहिता, हे स्वतःला विचारावे. आपल्या देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला तो याच जातीच्या विचाराने. मात्र देवलांनी रूपांतर करून ते रूपांतर म्हणूनच रंगभूमीवर आणले. व्वेदेन्स्कीने रूपांतर केले आणि त्याला भाषांतर म्हटले. त्याच्या पुस्तकांतली इंग्रज माणसे अस्सल रशियन वाक्प्रचार बोलतात, आणि जेथे डिकन्स त्याला थोडा कोरडा वाटला तेथे त्याने पदरचा मजकूरही घातला. नेव्हा नदीपासून सैबेरियाच्या टोकापर्यंत लोक तुम्हांला आवडीने वाचतात, असे त्याने खुद्द डिकन्सला कळवले होते. ती बढाई नव्हती. अखेरच्या दिवसांत त्याची दृष्टी गेली आणि १८५५ साली तो वारला. पण त्याचा डिकन्स पुढे कित्येक वर्षे रशियाला हसवत आणि रडवत राहिला.

व्वेदेन्स्कीचा हिशेब मांडला तो कर्नेय चुकोव्स्की यांनी. हे चुकोव्स्की म्हणजे रशियन मुलांचे लाडके कवी. प्राण्यांचा डॉक्टर आयबलीत त्यांचाच. ओदेसा बंदरात गरिबीत वाढलेला हा मुलगा घरांची छपरे रंगवण्याचे काम करी, आणि रंगवता रंगवता छपरावर खडूने इंग्रजी शब्द लिहून पाठ करी. शिकायला गुरू म्हणजे एक जुने, पाने फाटलेले स्वयंशिक्षक पुस्तक. नेमकी उच्चारांची पानेच त्यात नव्हती! १९०३ साली वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून ते लंडनला गेले, तेव्हा शेकडो इंग्रजी पुस्तके पचवलेल्या या तरुणाला रस्त्यावरच्या माणसाचे एक वाक्य कळेना आणि त्याचे वाक्य इंग्रजांना कळेना. शब्द येणे निराळे आणि भाषा येणे निराळे, हा धडा त्यांना असा भर रस्त्यात मिळाला. त्याच चुकोव्स्कींना १९६२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१९१८ साली पेत्रोग्राद शहरात, क्रांतीच्या धामधुमीत, मॅक्सिम गॉर्कीने 'जागतिक साहित्य' नावाची प्रकाशनसंस्था काढली. भाकरीची आणि सरपणाची ददात, आणि अशा वेळी साऱ्या जगाचे वाङ्मय रशियनमध्ये आणण्याचा संकल्प! भाषांतरकारांना शिकवायला एक लहानसे पुस्तक हवे होते, ते १९१९ साली चुकोव्स्की आणि कवी गुमिल्योव यांनी लिहिले. पुढे दोन वर्षांतच गुमिल्योवला राजद्रोहाच्या आरोपावरून गोळी घालण्यात आली. चुकोव्स्की मात्र ते काम जन्मभर वाढवत राहिले; १९४१ साली त्याला त्यांनी 'उच्च कला' असे नाव दिले. व्वेदेन्स्कीच्या चुकांची त्यांनी मोठी यादी केली, आणि शेवटी मोकळेपणाने कबूलही केले, की डिकन्सचा खरा आवाज ऐकू येतो तो याच चुकार माणसाच्या भाषांतरात.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९३० नंतर येव्गेनी लान आणि अलेक्सांद्रा क्रिव्त्सोवा या दांपत्याने डिकन्स नव्याने भाषांतरित केला. येथे व्वेदेन्स्कीची मोकळीक नाही. मूळ वाक्याची ठेवण, मूळ म्हण, मूळ लकब, काही सोडायचे नाही, हा त्यांचा बाणा. कष्ट अपार, पण वाचकाच्या तोंडावर हसू उमटेना. हेमिंग्वेला रशियनमध्ये आणणाऱ्या मंडळींचे अध्वर्यू इवान काश्किन यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. शब्दाकडे पाहू नका, शब्दापलीकडे लेखकाला काय दिसत होते ते पाहा, असा काश्किनांच्या सांगण्याचा मथितार्थ. तरीही १९५७ ते १९६३ या काळात तीस खंडांत डिकन्स निघाला, तेव्हा त्यात 'पिक्विक' घेतले ते लान-क्रिव्त्सोवा यांचेच. भांडण एकाने जिंकले आणि पाट दुसऱ्याला मिळाला; वाङ्मयात असे चालायचेच.

खरी कसोटी लागते ती मुलांच्या पुस्तकात. 'ॲलिस'च्या गोष्टीतला चहाचा प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. तेथे एक वेडा टोपीवाला आहे. का? तर इंग्रजीत 'टोपीवाल्यासारखा वेडा' अशी म्हणच आहे; टोप्यांच्या नमद्यासाठी पारा वापरीत आणि त्याच्या वाफांनी कारागीर भ्रमिष्ट होत, असे तिचे कारण सांगतात. रशियात ही म्हण नाही, तेव्हा टोपीवाला वेडा असण्यात गंमतही नाही. १९२३ साली बर्लिनमध्ये राहणाऱ्या तरुण नाबोकोव्हने सारे घरच बदलले. ॲलिसची झाली 'आन्या', आणि इंग्लंडच्या विजेत्या विल्यमबरोबर आलेला फ्रेंच उंदीर झाला नेपोलियनच्या माघारीत मागे राहिलेला उंदीर! नीना देमुरोवा यांनी १९६७ साली निराळी वाट धरली. त्यांची ॲलिस इंग्रजच राहिली, पण टोपीवाल्याचे नाव त्यांनी ठेवले 'बल्वान्शिक'. 'बल्वान' म्हणजे टोपी ज्याच्यावर घडवतात तो लाकडी ठोकळा, आणि 'बल्वान' म्हणजे मठ्ठ माणूसही. धंदाही राहिला आणि डोक्यातला बिघाडही राहिला. म्हणीची जागा एका शब्दाने भरून काढली.

आता ती कोठडीतली बाई. तात्याना ग्नेदिच ही लेनिनग्रादची इंग्रजी शिकवणारी विदुषी; होमरचे 'इलियड' रशियनमध्ये आणणाऱ्या कवी ग्नेदिचच्या घराण्यातली. महायुद्धाच्या अखेरीस तिला अटक झाली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. बायरनच्या 'डॉन जुआन'चे काही सर्ग तिला मुखोद्गत होते. कोठडीत पुस्तक नाही, कागद नाही. तिने मनातल्या मनात भाषांतर सुरू केले. आणि बायरनचे हे काव्य म्हणजे काही स्तोत्र नव्हे. ते खेळकर, टवाळ, लंडनच्या बैठकीतल्या बोलण्याने भरलेले. पावलोपावली लकबी, टोमणे आणि विनोदी यमके. पुढे चौकशी-अधिकाऱ्याने तिचे काम पाहिले आणि तिला कागद व मूळ पुस्तक मिळू दिले. सुमारे सोळा हजार ओळींचे ते काव्य तिने कोठडीत पुरे केले आणि मग उरलेली शिक्षा भोगायला छावणीत गेली. १९५६ साली ती सुटली, १९५९ साली पुस्तक छापून निघाले. दुसऱ्या देशातल्या माणसाचा हसरा आवाज अंधारात नीट ऐकून आपल्या भाषेत बोलता करणे, एवढ्यावर त्या बाईने आपले मन शाबूत ठेवले. भाषांतर ही केवळ पंडितांची करमणूक आहे असे म्हणणाऱ्यांनी ही कोठडी डोळ्यांपुढे आणावी.

सामान्य अभ्यासकाचीही सोय झाली. १९५५ साली अलेक्सांद्र कुनिन यांचा इंग्रजी-रशियन वाक्प्रचारांचा कोश निघाला. त्यात म्हणींच्या जोड्या पाहणे म्हणजे दोन कुळांचे लग्न पाहण्यासारखे आहे. इंग्रजाचे 'डुकरे उडतील तेव्हा', तर रशियनाचे 'नदीतला शेवंड डोंगरावर शीळ घालील तेव्हा'. इंग्रज म्हणतो, 'झुडपातल्या दोन पाखरांपेक्षा हातातले एक बरे'. रशियनाला आकाशातल्या क्रौंचापेक्षा हातातला चिमणीएवढा सिनित्सा बरा वाटतो. आपण हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागत नाही. 'फार आचारी झाले की रस्सा बिघडतो' याला रशियन म्हणतो, 'सात दायांच्या हाती बाळाचा डोळा जातो'. आपल्याकडे हाच बारभाईंचा कारभार.

आणि कित्येकदा तर पाहुणा घरचाच होऊन बसतो. लंडनमध्ये अठराव्या शतकात एलिझाबेथ माँटेग्यूबाईंच्या बैठकीला एक विद्वान साधे निळे मोजे घालून येत. त्यावरून विदुषींना 'निळे मोजे' हे थट्टेचे नाव पडले, आणि ते शब्दशः रशियनमध्ये गेले. 'माझे घर, माझा किल्ला' गेले, 'कपाटातला सांगाडा'ही गेला. आज रशियन मनुष्य हे शब्द आपल्या आजोबांचेच असल्यासारखे वापरतो. म्हणजे व्वेदेन्स्कीही सर्वस्वी चुकला नव्हता आणि लानही नाही. कोणता पाहुणा पाटावर बसवायचा आणि कोणाला घरचे कपडे द्यायचे, हे ज्याला कळते तोच खरा यजमान.

परीक्षेला निघालेल्या मुलाला रशियन मनुष्य म्हणतो, 'ना लव मिळो, ना पीस!' शिकाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून दिलेला हा उलटा आशीर्वाद; आणि त्याला उत्तर द्यायचे, 'जा सैतानाकडे!' इंग्रज नटाला त्याचे मित्र म्हणतात, 'पाय मोड!' ऐकून दचकू नका. आपणही घरातून पाऊल बाहेर टाकताना 'जातो' हा शब्द उच्चारीत नाही. भाषा तीन, पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आईच्या पोटातली काळजी तीच. ती ज्याने ओळखली त्याला शब्द सापडतोच.

तर वाचकहो, फराळाचे ताट वाट पाहते आहे. येतो!