वेग घेताना थरथरणारी जुनी गाडी : दोष शोधावा कसा?

अमेरिकेतील अनेक मराठी घरांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची एखादी कॅमरी, अकॉर्ड किंवा सिव्हिक अजून उभी असते. तिचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, आणि घरातील मुले गाडी शिकू लागली की तीच त्यांच्या हाती जाते. अशा गाडीविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. एकसारख्या वेगात ती शांत धावते. मात्र हायवेच्या रॅम्पवर वेग घेण्यासाठी पाय दाबला की सगळी गाडी थरथरू लागते आणि पाय उचलताच थरथर थांबते. गॅरेजमध्ये यावर बहुधा एका शब्दात उत्तर मिळते : ॲक्सल. दोन्ही ॲक्सल बदलले जातात, बिल चुकते होते आणि पुढच्याच रॅम्पवर गाडी पुन्हा थरथरते. ॲक्सलविषयीचा तर्क तसा निराधार नसतो. तो पडताळून मात्र पाहिलेला नसतो.

कोणताही कंप तीन गोष्टींपैकी एकीशी बांधलेला असतो : चाकांच्या वेगाशी, इंजिनाच्या फेऱ्यांशी किंवा चाकांकडे जाणाऱ्या जोराशी. वेग घेताना या तिन्ही गोष्टी एकदमच वाढतात, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. त्यांना एकमेकींपासून वेगळे करणे हेच निदानाचे मुख्य काम होय, आणि त्यासाठी पाना हाती घ्यावा लागत नाही.

मोकळा, सपाट रस्ता आणि नोंद घेणारा एक सोबती एवढे पुरे आहे. कंप ज्या वेगाला येतो, समजा ताशी ४५ मैल, त्या वेगाच्या थोडे पुढे जाऊन पाय उचलावा आणि गाडीला आपोआप त्याच वेगावरून खाली येऊ द्यावे. पाय दाबलेला असताना ४५ मैलांवर थरथर आणि पाय उचललेला असताना त्याच ४५ मैलांवर शांतता, असे घडले तर चाकांचे असंतुलन हे कारण जवळजवळ बाद होते. असंतुलित चाकाला चालकाचा पाय कोठे आहे याचे सोयरसुतक नसते. त्यानंतर तोच वेग वेगळ्या गिअरमध्ये घ्यावा. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचे बटण असते. ते दाबले की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या वाढतात. कंप पूर्वीच्याच वेगाला आला तर दोष गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या भागात आहे. तो नव्या वेगाला, पण इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना आला, तर इंजिन किंवा त्याचे माउंट तपासावे. गाडी धावत असताना चावी फिरवून इंजिन बंद करण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

अभियंता असलेल्या वाचकांना आणखी एक साधन उपलब्ध आहे. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात विकसित झालेले फायफॉक्स नावाचे विनामूल्य ॲप फोनमधील संवेदकाच्या आधारे कंपाची वारंवारता दाखवते. सुमारे दोन मीटर परिघाचे चाक ताशी ४५ मैलांना सेकंदाला १० फेरे मारते. कंप सेकंदाला १० वेळा येत असेल तर चाक किंवा टायर. ३० वेळा येत असेल तर ॲक्सलचा आतील सांधा. चार सिलिंडरांच्या इंजिनात २००० फेऱ्यांवर एकच सिलिंडर चुकत असेल, तर धक्का सेकंदाला सुमारे १७ वेळा बसतो. फोन अर्थातच सोबत्याने सांभाळायचा.

चाकाच्या तिप्पट असलेल्या त्या ३० या आकड्यामागे या गाड्यांच्या रचनेची सारी कथा आहे. भारतात ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्यांना गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब शाफ्ट आठवत असेल. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये तो नव्हता. इंजिनाची शक्ती थेट पुढच्या चाकांकडे जाऊ लागली. पण पुढची चाके वळतातही आणि वरखालीही होतात. म्हणून प्रत्येक बाजूच्या ॲक्सलला दोन सांधे लागतात. बाहेरचा, चाकाजवळचा सांधा वळण्यासाठी; आतला, गिअरबॉक्सजवळचा सांधा लांबी कमीजास्त होऊ देण्यासाठी. हा आतला सांधा बहुतेक गाड्यांत तीन बाहूंचा असतो. प्रत्येक बाहूवर एक रोलर, आणि ते तीन रोलर पेल्यासारख्या कवचातील तीन खोबणींत मागेपुढे सरकत असतात.

लाखभर मैलांनंतर रोलर जेथे नेहमी फिरतात तेथेच खोबणीला खाच पडते. जोर नसताना रोलर त्या खाचेतून सहज निघतो. जोर पडला की तो खोबणीच्या कडेवर दाबला जातो, अडतो आणि सुटतो. प्रत्येक फेऱ्यात असे तीनदा घडते व ॲक्सल गाडीच्या नाकाला आडवे ढकलत राहतो. त्यामुळे या दोषाची खूण ठरलेली आहे : स्टिअरिंग फिरल्यासारखे हलण्यापेक्षा गाडीचा पुढचा भाग डावी-उजवीकडे डोलतो. पाय उचलताच दाब खोबणीच्या विरुद्ध, न झिजलेल्या बाजूवर जातो आणि सारे शांत होते. बाहेरचा सांधा झिजला तर लक्षण निराळे असते. पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना कट-कट असा आवाज येतो. सरळ रस्त्यावरील थरथरीसाठी त्याला दोष देण्याची घाई सर्रास केली जाते.

मग नवा ॲक्सल घालूनही थरथर का राहते? एक कारण सुट्या भागाचेच असते. बाजारात मिळणारे अगदी स्वस्त ॲक्सल मूळ भागाइतक्या काटेकोर मापाचे असतीलच असे नाही, आणि काहींमुळे तर गाडी सिग्नलला उभी असतानाही नवी थरथर सुरू होते. मूळ ॲक्सलचा फक्त रबरी बूट फाटला असेल, सांधा अजून आवाज करीत नसेल आणि ग्रीसमध्ये वाळू गेलेली नसेल, तर सांधा धुऊन नवे ग्रीस व नवा बूट बसवणे हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा खर्च असतो.

दुसरे कारण जास्त दुर्लक्षित आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटांवर टेकलेले असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते रबर दबते, तडकते. ज्या माउंटमध्ये द्रव भरलेला असतो तो पाझरून जातो. इंजिन थोडे खाली बसते किंवा एका बाजूला कलते, आणि त्यासरशी ॲक्सलच्या आतल्या सांध्याचा कोन वाढतो. कोन जितका मोठा, तितका तो तीन धक्क्यांचा कंप तीव्र. वेग घेताना गाडीचे नाक उचलले जाते, त्यानेही हा कोन बदलतो. दबलेले माउंट तसेच ठेवून नवा ॲक्सल घालणे म्हणजे वाकड्या चौकटीत नवे दार बसवणे होय. माउंट तपासण्यासाठी बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून, गाडी ड्राइव्हमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये टाकून दोन-तीन सेकंद हलका जोर द्यावा. इंजिन जागेवरून ठळकपणे उचकले तर माउंट गेले. पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही नाही.

इंजिनाचा दोष ओळखणे त्या मानाने सोपे. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल कमजोर असेल तर जोर पडल्यावरच सिलिंडर चुकतो. थरथरीबरोबर शक्तीही कमी पडते, आणि ही खूण ॲक्सलच्या दोषात नसते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत ओबीडी-२ जोडणी अनिवार्य आहे. साध्या कोडरीडरने पी०३०० किंवा पी०३०१ अशा मालिकेतील कोड दिसला, तर त्याचा शेवटचा अंक चुकणारा सिलिंडर सांगतो; शून्य असेल तर दोष एका सिलिंडरपुरता नाही. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करावा. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि मग काही डॉलरांच्या प्लगचे दुखणे फार मोठ्या बिलावर जाते.

हलक्या पायाने, ताशी ४० ते ५० मैलांच्या आसपास, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी क्षणभर थरथर येत असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच घसरत असण्याची शक्यता असते. मागे कोणी नसताना, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेक पेडलला किंचित स्पर्श केला की हा क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर नाहीशी झाली तर ॲक्सल निर्दोष आहे. अशा वेळी उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारचे गिअर ऑइल बदलून पाहावे. कधी कधी तेवढ्यानेही भागते.

टायरविषयी थोडेच. महिना-दीड महिना भारतात राहून परतल्यावर गाडी पहिल्या दिवशी थरथरली तर एका जागी उभे राहून टायर चपटे झालेले असतात. काही मैल धावल्यावर ते बहुधा पूर्ववत होतात. मात्र टायर नुकतेच बदलले असतील आणि थरथर दिवसागणिक वाढत असेल, तर पुढचा प्रवास करण्याआधी चाकांचे नट तपासलेच पाहिजेत. या संपूर्ण यादीत तातडीचा धोका येथे आणि चेंडू-सांधा खिळखिळा होण्यात आहे.

गॅरेजमधील दोन पद्धतींपासून ग्राहकाने सावध राहावे. गाडी लिफ्टवर उचलून, चाके लोंबत असताना गिअरमध्ये फिरवली तर आतले सांधे टोकाच्या कोनात जातात, आणि चांगला ॲक्सलही थरथरतो. तसेच ॲक्सल हाताने आतबाहेर सरकवून दाखवणे हा झिजेचा पुरावा नव्हे. आतला सांधा सरकण्यासाठीच घडवलेला असतो. रस्त्यावर घेतलेल्या नोंदी, म्हणजे वेग, फेऱ्या, पायाची स्थिती आणि गिअर, एका कागदावर लिहून मेकॅनिकच्या हाती द्याव्यात, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्याने सोबत बसून गाडी एकदा त्याच रॅम्पवर न्यावी असा आग्रह धरावा. निदानाचे वेगळे शुल्क मागितले गेले तरी ते दोन अनावश्यक ॲक्सलांपेक्षा कमीच असते.