रक्तपिपासूंच्या कथा आणि वाचकांचा कौल

वेताळपंचविशीतील कथांची एक खूण अशी की, त्या श्रोत्याच्या मतावाचून पुऱ्या होत नाहीत. राजाच्या खांद्यावरील प्रेतात शिरलेला वेताळ कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो, की या प्रकरणी खरा कोण आणि दोषी कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले व्हावयाची. मत देणे हे तेथे श्रोत्याचे केवळ कुतूहल नसून कर्तव्य आहे. ही पंचविशी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली मराठीत आणली. पुढे १८७० साली रिचर्ड बर्टन याने तिच्यातील अकरा कथांचे इंग्रजीत स्वैर रूपांतर प्रसिद्ध केले आणि त्यास नाव दिले ‘विक्रम अँड द व्हँपायर’.

हे नाव आपल्याकडील वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही. आपला वेताळ प्रेतात वास करतो, परंतु तो जिवंत माणसाचे रक्त शोषीत नाही. गोमंतकात तर पैंगीण, लोलये इत्यादी गावी तो ग्रामदेवतेच्या मानाने पूजिला जातो. मग बर्टनसारख्या बहुभाषाकोविदाने हा शब्द का योजावा? त्याचे उत्तर वेताळात नसून इंग्रज वाचकात आहे. १८७० पर्यंत त्या वाचकाच्या कानी ‘व्हँपायर’ हा शब्द इतका मुरला होता, की ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तो असणे हेच एक आमंत्रण होते. हा वाचक कसा घडला आणि या काळोख्या, विलासी कथांविषयी त्याने वेळोवेळी काय मत दिले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पश्चिम युरोपात हा विषय प्रथम आला तो कथा म्हणून नव्हे, तर वार्ता म्हणून. १७१८ च्या तहाने उत्तर सर्बियाचा प्रदेश ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला, आणि तेथील खेड्यांतून मृत माणसे रात्री उठून जिवंतांचे रक्त पितात अशा तक्रारी लष्करी अधिकाऱ्यांकडे येऊ लागल्या. मेद्वेजा गावच्या अशाच एका प्रकरणाची चौकशी योहान फ्ल्यूकिंगर या लष्करी शस्त्रवैद्याने केली. त्याचा अहवाल जानेवारी १७३२ चा आहे. थडगी उकरली असता काही प्रेते कुजलेली नव्हती आणि त्यांच्या देहात ताजे रक्त होते, असे त्याने नोंदविले. हा अहवाल जर्मन विद्यापीठांतून गाजला. त्याच वर्षी लंडनच्या वृत्तपत्रांतूनही ही हकीकत छापली गेली. तेव्हाच्या वाचकापुढे प्रश्न एकच होता, तो म्हणजे हे खरे की खोटे? १७५५ साली मारिया थेरेसा हिने आपला राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याचे मत मागविले. त्याने हे सर्व अज्ञानाचे फळ ठरविले आणि प्रेते उकरून जाळण्यास राजाज्ञेने बंदी झाली. विद्वानांच्या दृष्टीने प्रकरण संपले. परंतु ज्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही, ते बहुधा कलेच्या वाट्यास येते. १७९७ साली ग्योटे याने ‘कोरिंथची वधू’ हे कथाकाव्य रचले, तेव्हा थडग्यातून परतणारी ती स्त्री वार्तेचा विषय राहिली नव्हती. ती अपुऱ्या वासनेची प्रतिमा झाली होती.

यापुढचा टप्पा सर्वविश्रुत आहे, आणि त्याच्या मुळाशी एक कथासंग्रहच आहे. १८१२ साली पॅरिसमध्ये ‘फँटास्मागोरियाना’ या नावाने जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद निघाला होता. आदल्या वर्षीच्या तांबोरा ज्वालामुखीच्या स्फोटामुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही म्हणतात. त्या पावसाळी दिवसांत जिनीव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदाती या घरी लॉर्ड बायरन, शेली, मेरी गॉडविन आणि बायरनचा तरुण वैद्य जॉन पोलिदोरी ही मंडळी हा संग्रह वाचीत बसली. प्रत्येकाने एक भूतकथा लिहावी असे ठरले. मेरीच्या हातून ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मास आली. बायरनने एक कथा आरंभून सोडून दिली. त्या सोडलेल्या धाग्यावरून पोलिदोरीने ‘द व्हँपायर’ ही कथा विणली.

वाचकांच्या मताची पहिली मोठी परीक्षा या कथेच्या वेळी झाली, आणि तिच्यात वाचक उत्तीर्ण झाले असे म्हणवत नाही. एप्रिल १८१९ मध्ये ‘न्यू मंथली मॅगझीन’ या मासिकाने ही कथा छापली ती बायरनच्या नावावर. कथेतील लॉर्ड रुथव्हेन हा खेड्यातील कुजट प्रेत नव्हता. तो उमरावांच्या दिवाणखान्यात वावरणारा, फिकट चेहऱ्याचा, स्त्रियांना मोहविणारा सरदार होता. वाचकांनी त्यात बायरनचेच प्रतिबिंब पाहिले आणि कथा डोक्यावर घेतली. ग्योटेने तर ही बायरनची सर्वोत्तम कृती असल्याचा अभिप्राय दिल्याचे सांगतात. बायरनने कथा आपली नसल्याचे जाहीर केले, आणि पोलिदोरीने ती आपली असल्याचे लिहून कळविले. परंतु लेखकाचे नाव बदलताच कथेची किंमतही उतरली. शब्द तेच, वाक्ये तीच, पण बायरनची म्हणून जी प्रतिभा वाटली, ती पोलिदोरीची म्हणून चोरी वाटू लागली. १८२१ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्याने विष घेतले असा त्याच्या कुटुंबियांचा समज होता. या जातीच्या सर्व पुढील कथांचा तो आद्य शिल्पकार, पण त्याच्या हयातीत त्याला वाचक लाभले आणि वाचकांचा न्याय मात्र लाभला नाही.

कथा मात्र कोणाच्या नावासाठी थांबली नाही. १८२० साली पॅरिसमध्ये आणि लंडनमध्ये तिची नाटके झाली, १८२८ साली लाइपझिग येथे मार्शनरची संगीतिका झाली. १८४५ पासून ‘व्हार्नी द व्हँपायर’ ही लांबलचक कादंबरी पेनीला एक अंक या हिशेबाने कामकरी वर्गापर्यंत पोहोचली. या वाचकांनी आपली मते कोठे लिहून ठेवली नाहीत. तथापि आठवड्यामागून आठवडे खिशातील पेनी काढून देणे, हेही एक मतच आहे.

बर्टनचा ग्रंथ निघाल्यावर दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, आयर्लंडच्या जोसेफ शेरिडन ल फानू याचा ‘इन अ ग्लास डार्कली’ हा पाच कथांचा संग्रह निघाला. त्यातील शेवटची कथा ‘कार्मिला’. ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतातील एकाकी गढीत राहणारी लॉरा ही तरुणी, आणि अपघाताच्या निमित्ताने तेथे पाहुणी म्हणून आलेली, दिसावयास तिच्याच वयाची कार्मिला, या दोघींच्या सख्याची ही कथा आहे. ओढ आणि किळस या दोन भावना लॉराच्या मनात एकाच वेळी नांदतात, आणि कार्मिलाचा नाश झाल्यावरही तिची पावले दाराशी वाजल्याचा भास तिला होत राहतो. विलास आणि भय यांचा असा संयोग त्यापूर्वी इंग्रजी गद्यात क्वचितच झाला असेल. तरीही या कथेचा मोठा गाजावाजा झाला नाही. फेब्रुवारी १८७३ मध्ये ल फानू वारला आणि हळूहळू त्याचे नाव मागे पडले. १९२३ साली एम. आर. जेम्स या विद्वान भूतकथाकाराने त्याच्या विखुरलेल्या कथा संपादून त्याला या प्रकारातील लेखकांत पहिल्या श्रेणीचे स्थान दिले, तेव्हा त्याचा दुसरा जन्म झाला. पण मधल्या काळातही एक वाचक ‘कार्मिला’ विसरला नव्हता, असे मानावयास आधार आहे. तो वाचक म्हणजे ब्रॅम स्टोकर. ‘ड्रॅक्युला’च्या त्याने केलेल्या टाचणांत सरदाराचे घर प्रथम स्टिरियातच ठरविलेले दिसते. ट्रान्सिल्व्हानिया मागाहून आला.

‘ड्रॅक्युला’ मे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरील तत्कालीन परीक्षणे आज वाचताना मोठा बोध होतो. ‘डेली मेल’ने तिची तुलना ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ यांच्याशी केली. ‘अथीनियम’ला तिच्यात रचनाकौशल्य उणे वाटले. ‘मँचेस्टर गार्डियन’च्या मते संपूर्ण ग्रंथ भयानकाने भरून टाकणे ही कलेच्या दृष्टीने चूक होती. फोनोग्राफ आणि टंकलेखनयंत्र यांच्या आधुनिक सामग्रीशी लसूण आणि सुळे यांचा मेळ बसत नाही, असे ‘स्पेक्टेटर’ने म्हटले. लेखकाच्या वृद्ध मातेने पुत्राचे कौतुक केले आणि आर्थर कॉनन डॉइल यानेही पत्र लिहून समाधान कळविले. रचना, भय, आधुनिकता यांवर सर्वांनी मते दिली. पण आज कोणताही वाचक जी गोष्ट प्रथम बोलेल, म्हणजे या कथेत ओसंडणारी विषयवासना, तिच्याविषयी बहुतेक परीक्षकांनी चकार शब्द काढलेला नाही.

हे मौन कशाचे? त्या पिढीला ते दिसलेच नाही, असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. झोलाच्या कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद छापल्याबद्दल हेन्री व्हिझेटेली या वृद्ध प्रकाशकास १८८९ साली तीन महिन्यांचा कारावास भोगावा लागला होता. १८९५ साली ऑस्कर वाइल्डच्या खटल्याने लंडनचे साहित्यविश्व हादरले होते, आणि स्टोकर कुटुंबाचा वाइल्डशी जुना परिचय होता. अशा काळात एखाद्या ग्रंथातील विलास बोलून दाखविणे म्हणजे त्या ग्रंथास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेच होते. ‘बुकमन’च्या परीक्षकाने मात्र नकळत खरे सांगून टाकले. काही जागा आपण किळसून घाईने ओलांडल्या, तरी जवळजवळ सारा ग्रंथ तल्लीन होऊन वाचला, अशी कबुली त्याने दिली आहे. ज्या जागा घाईने ओलांडाव्याशा वाटतात, त्या न दिसलेल्या जागा नसतात. शिवाय कथेच्या अखेरीस रक्तपिपासूच्या काळजात सुरा खुपसला जातो आणि सदाचाराचा विजय होतो. या शेवटाच्या आडोशाने वाचकास जे पाहावयाचे ते पाहता येत होते आणि पाहिले नाही असेही म्हणता येत होते.

स्वतः लेखकाचीही स्थिती याहून निराळी नव्हती. १९०८ साली ‘नाइन्टीन्थ सेंचुरी अँड आफ्टर’ या नियतकालिकात स्टोकरने कादंबऱ्यांतील विषयवासनेवर नियंत्रण हवे असे प्रतिपादणारा लेख लिहिला. ‘ड्रॅक्युला’चा कर्ता हा लेख लिहितो, याला कोणी ढोंग म्हणेल. आपल्या कथेत काय उतरले आहे ते लेखकास नेहमी उमगतेच असे नाही, हे म्हणणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते. १९३१ साली अर्नेस्ट जोन्स याने दुःस्वप्नावरील आपल्या ग्रंथात रक्तपिपासूच्या समजुतीचा मनोविश्लेषणाच्या दृष्टीने विचार केला. १९५९ मध्ये मॉरिस रिचर्डसन याने तीच दृष्टी ‘ड्रॅक्युला’वर रोखली, आणि तेव्हापासून टीकाकारांना त्या कथेत वासनेखेरीज दुसरे काही दिसेनासे झाले. पूर्वी जे अनुच्चार्य होते ते आता एकमेव उच्चार्य ठरले. पहिले जसे अपुरे होते, तसे हेही अपुरेच. दूरदेशीच्या सरदाराने लंडनमध्ये घरे विकत घ्यावी याचे भय, आणि मृत्यू हा शेवट नसेल तर काय, ही मूळ धास्ती, या गोष्टीही त्याच पानांवर आहेत.

स्टोकरच्या मृत्यूनंतर, १९१४ साली, त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिने ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’ हा नऊ कथांचा संग्रह काढला. शीर्षककथा ही मूळ कादंबरीतून लांबीमुळे वगळलेला भाग आहे, असे तिने प्रस्तावनेत सांगितले. उरलेल्या आठ कथांचा ड्रॅक्युलाशी काही संबंध नाही. म्हणजे बर्टनच्या वेताळाप्रमाणे येथेही मुखपृष्ठावरील नावाने वाचकास हाक मारली. तथापि अशा हाकेने आलेला वाचक फसलाच असे नाही. त्याच संग्रहातील न्यायाधीशाच्या घराची कथा पुढे अनेक संकलनांतून स्वतःच्या बळावर टिकली.

या सर्व वृत्तांतावरून एक गोष्ट ध्यानात येते. १७३२ च्या वाचकाने विचारले, हे खरे काय? १८१९ च्या वाचकाने विचारले, हे कोणाचे? १८९७ च्या वाचकाने विचारले, हे अति तर नव्हे? आणि नंतरच्या वाचकाने विचारले, यामागे काय दडले आहे? कथा फारशी बदलली नाही, प्रश्न बदलत गेला. प्रत्येक पिढीने आपलेच मत अखेरचे मानले आणि त्या भरात कोणावर तरी अन्याय केला. पोलिदोरीवरील अन्याय नावाच्या मोहाने झाला आणि ल फानूवरील विस्मृतीने.

राजाने उत्तर देताच वेताळ पुन्हा झाडाकडे निघून जातो आणि राजास पुन्हा परतावे लागते. उत्तर चुकले म्हणून तो जात नाही, उत्तर दिले म्हणून जातो. काळोख्या कथांवर मत देणाऱ्या वाचकाने हे ध्यानी ठेवलेले बरे. मत अवश्य द्यावे, कारण जाणून मौन धरणे हा वेताळाच्या न्यायात अपराध आहे. मात्र आपल्या मताने कथा खांद्यावर कायमची विसावली, असे समजू नये.