चाक पुन्हा हाती

पुण्याहून बंगळूरास जाणारा महामार्ग निपाणी व संकेश्वर मागे टाकून बेळगावास येतो. प्रवासी मोटारी आणि रात्रीचे मालट्रक यांची ही नित्याची वाट. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता आणि तेथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. चालकाने किती प्यावी, हा प्रश्नच त्या कायद्यापुढे नव्हता; परवान्यावाचून पिणे हाच अपराध होता.

१९३९ च्या मोटार कायद्याची कसोटी निराळी होती. नशेमुळे गाडीवरील ताबा सुटला काय, एवढेच तो आरंभी पाही. १९८८ च्या मूळ कायद्यात चालकाच्या रक्तातील अल्पसे मद्यही वर्ज्य होते. पुढे १९९४ मध्ये शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली आणि ती श्वासावरून पारखायची ठरली.

दोषी चालकाने परत यावे कसे, इकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या अपराधास तीन महिने परवाना रोखता येतो आणि उजळणी प्रशिक्षण पुरे झाल्यावाचून तो परत मिळत नाही. अपराध पुन्हा घडल्यास परवानाच रद्द होऊ शकतो.

चाक हातचे गेले की चालकाच्या घरची चूल विझते. ते अवेळी परत दिले तर गाडीतील साऱ्यांच्या घरांवर संकट येते. प्रशिक्षणाने हात सावध होतो, व्यसन मात्र उपचारानेच सुटते. म्हणून परतीची वाट व्यसनमुक्तीच्या दारावरून जावी, यातच चालकाचे आणि प्रवाशांचेही हित आहे.