भाड्यासाठी फ्लॅट घेताय? भाडं किती येईल हा तिसरा प्रश्न

गल्फमध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेला माणूस परतायचा विचार करू लागला की एक वाक्य हमखास बोलतो, "मुंब्र्यात नाहीतर पनवेलला एखादा फ्लॅट घेऊन ठेवू, भाडं येत राहील." रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत हे बोलणं आपण ऐकलेलं असतं. मग लगेच विचारलं जातं, भाडं किती मिळेल? आमच्या मते हा प्रश्न तिसरा असायला हवा. पहिला प्रश्न इमारतीच्या कागदांचा आणि दुसरा भाडेकराराचा.

4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा परिसरात एक अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. वरचं काम चालू असतानाच खाली लोक राहत होते. त्यामुळे शेजारच्या इमारतीपेक्षा एखादा फ्लॅट आठ-दहा लाखांनी स्वस्त मिळत असेल, तर आधी कारण शोधा. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आहे का? भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मिळालंय का? "रजिस्ट्रेशन होतंय ना, मग झालं" असं एजंट सांगतो. पण खरेदीचा दस्त नोंदवला गेला म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या वेबसाइटवर त्याची नोंद आणि मंजुऱ्या घरबसल्या पाहता येतात. जुनी इमारत असेल तर महापालिकेत एक चक्कर मारावी लागते, आणि ती मारावीच. उद्या त्या घरात तुमचा भाडेकरू बायकामुलांसह झोपणार आहे.

आता हिशेब. समजा 40 लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं महिना 12 हजार. वर्षाचे 1 लाख 44 हजार, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम, एजंटचं कमिशन आणि दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना वजा करा. हातात येणारा आकडा बऱ्याच जणांना निराश करतो. शिवाय घर भाड्याने दिल्यावर सोसायटी ना-भोगवटा शुल्क घेते. 2001 च्या सरकारी आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे बिल नीट वाचा.

सगळ्यात मोठा गैरसमज भाडेकराराबद्दल आहे. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की पुरे" असं आपल्याकडे सुशिक्षित लोकही म्हणतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरा फटका वेगळाच आहे. वाद झाला की अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. तुम्ही म्हणाल भाडं 12 हजार ठरलं होतं, तो म्हणेल 6 हजार.

उलट नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू निघत नसेल, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं हे प्रकार मात्र करू नका, त्यात मालकच अडकतो. एवढ्या संरक्षणाचा खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं 10 टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, आणि नोंदणी फी शहरात 1000 रुपये. आमच्या उदाहरणात मुद्रांक शुल्क चारशे-पाचशेच्या आत बसतं. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना आणि सोसायटीला लेखी द्यायलाही विसरू नका.

हेवी डिपॉझिटचा मोह अनेकांना होतो. पाच-सात लाख एकरकमी घ्यायचे आणि भाडं शून्य किंवा नावापुरतं. ते पैसे लग्नात किंवा धंद्यात लागतात, भाडेकरू निघताना परत मागतो आणि तेव्हा हात रिकामे असतात. शिवाय कर्जाच्या बदल्यात घर फुकट वापरायला देण्याचा हा व्यवहार अनेक उलेमा व्याजासारखाच मानतात. जकातीचंही नेहमी विचारलं जातं. बहुतेक उलेमांच्या मते भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, पण भाड्यातून साठलेली रक्कम निसाबाच्या हिशेबात धरावी लागते. आपल्या आलिमांना विचारून घ्या.

मालक परदेशात असेल तर भाऊ किंवा मेहुणा व्यवहार बघतो. त्याला मुखत्यारपत्र द्या आणि ते भारतीय दूतावासात साक्षांकित करा. असा कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने 30 टक्के अधिक सेस इतका कर कापायचा असतो, हे तर दोघांनाही माहीत नसतं. भारतातलं उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

राहिला नावाचा प्रश्न. पैसे दुबईतल्या मुलाने पाठवले, फ्लॅट अब्बांच्या नावावर घेतला, भाडं धाकटा भाऊ घेतो. अब्बा हयात आहेत तोवर कुणी काही बोलत नाही. ते गेले की कागदावर ते घर सगळ्या वारसांचं होतं, अम्मीचा आणि बहिणींचा हिस्सा त्यात येतो आणि भाड्यातही. दुबईचा भाऊ म्हणतो पैसे माझे होते, बहिणी म्हणतात घर अब्बांचं होतं, आणि दोघांचं म्हणणं खरं असतं. म्हणून खरेदीच्या आधीच, अब्बा-अम्मी समोर बसलेले असताना, पैसे कुणाचे, नाव कुणाचं आणि भाडं कुणाचं हे लिहून काढा आणि वकिलाला दाखवून मगच टोकन द्या.